ट्रकचालकाची तब्येत फोटोत कशी दाखवायची? आधी त्याचं घड्याळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही धुळ्यात राहता, लग्नसमारंभांचे फोटो काढता, आणि आता लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांचं रोजचं जगणं आणि त्यांच्या तब्येतीला असलेले धोके यांवर वर्षभराची फोटोमालिका करायची मनात आहे. चालकांचा विश्वास कसा मिळवायचा, केबिनमध्ये बसून सोबत जावं का, व्यसन आणि एचआयव्हीसारखे विषय कसे दाखवायचे, आणि तुमच्याकडच्या १८-५५ च्या किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सवर) भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढतो आणि त्यात ट्रकवाल्यांसोबत सगळ्यात जास्त राहिलोय. त्या आधारावर लिहितो.

चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्यांच्या मुळाशी एक अडचण आहे, ती आधी बघू. ट्रकचालकाच्या तब्येतीचा धोका कॅमेऱ्याला दिसत नाही. रक्तदाब दिसत नाही, साखर दिसत नाही, मणक्याची झीज दिसत नाही, दोन रात्रींची बुडालेली झोप दिसत नाही. मग फोटोग्राफर जे दिसतं त्याच्या मागे लागतो. उलटलेला ट्रक, रिकामी बाटली, तांबारलेले डोळे, नाहीतर मग मागच्या फळीवरची शेरोशायरी आणि रंगीत गोंडे. यातलं काही शेवटचा परिणाम असतं आणि काही नुसती सजावट. मधली सगळी साखळी सुटून जाते.

माझ्या मते ती साखळी वेळेची आहे. माणूस किती तास चाकावर आहे, किती तास रांगेत आहे, झोपतो कधी, जेवतो कधी, आणि हे सगळं ठरवतं कोण? चालकाच्या बहुतेक आजारांची मुळं या पाच प्रश्नांत आहेत. म्हणून मालिकेचा विषय ‘चालकाचे आजार’ असा न धरता ‘चालकाचा दिवस’ असा धरा. आजार त्या दिवसात आपोआप सापडतील.

कारण आणि परिणाम एकाच चौकटीत पकडणारा एक फोटो मला कायम आठवतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला होता. ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं मालाची गाडी चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, डावी बाजू मात्र जाड आणि खोल सुरकुत्यांनी भरलेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, खिडकी डावीकडे, आणि यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण काच बंद असली तरी आत येतात. समोरून काढलेला साधा फोटो, कसलीही नाट्यमय प्रकाशयोजना नाही. पण बघणाऱ्याला एका नजरेत २८ वर्षं कळतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पंधरा-वीस वर्षं गाडी चालवलेल्या कुणालाही दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला सांगा आणि सावलीतल्या सपाट उजेडात फोटो काढा. उजवा हात कोपरापासून खाली किती रापलाय ते बघा. ‘जखम’ न दाखवता धोका दाखवणं म्हणजे हे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण ‘ट्रकचालक’ असा एकच माणूस नसतो. स्वतःची एक गाडी असलेला चालक-मालक हप्त्याच्या चिंतेत असतो, पण कुठे थांबायचं हे काही प्रमाणात त्याच्या हातात असतं. मोठ्या कंपनीच्या गाडीवर जीपीएस असतो आणि उशीर झाला की फोन येतो. बाजारातून भाडं उचलणाऱ्या गाडीचा चालक परतीचं भाडं मिळेपर्यंत कुठल्या तरी ट्रान्सपोर्टनगरात तीन-तीन दिवस पडून राहतो. मालावरूनही दिवस बदलतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा किंवा नारायणगावचा टोमॅटो भरलेल्या गाडीला थांबून चालत नाही, माल सडतो. जालन्याची सळई सडत नाही, पण वजन जास्त, घाट अवघड आणि ब्रेकवर ताण. चाकणहून मोटारी नेणारे लांब ट्रेलर हळू चालतात आणि त्यांना उभं राहायलाच जागा मिळत नाही. यातला कुठला चालक तुम्ही निवडता यावर तुमचे धोके, तुमच्या वेळा आणि तुमचे फोटो ठरतील. सगळे घ्यायला जाऊ नका. एक किंवा दोन प्रकार धरा.

तुम्हाला धुळं सोडून कुठे जायची गरजही नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तुमच्या गावात एकमेकांना छेदतात. लळिंग घाटापासून सोनगीर, शिरपूर आणि पुढे हाडाखेडच्या सीमा तपासणी नाक्यापर्यंतच्या पट्ट्यात पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतचा चालक रोज जातो. त्याला शोधायला तुम्ही हजार किलोमीटर हिंडण्यापेक्षा तोच तुमच्या दारावरून जातोय.

या सगळ्यात सगळ्यात कमी फोटो निघतात ते थांबण्याचे, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह त्यांचाच आहे. गाडी चालवतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. पण चालकाची तब्येत बिघडते ती बरीचशी गाडी उभी असताना. एक नेहमीचा दिवस घ्या. सकाळी सहाला उठून तो भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत लागतो. नंबर कधी येईल सांगता येत नाही. रांग अधूनमधून दोन गाड्या पुढे सरकते, त्यामुळे झोपता येत नाही. आजूबाजूला संडास नाही, सावली नाही. गाडी सोडून लांब गेलं तर डिझेल चोरीला जाण्याची भीती. दुपारी कधीतरी आत बोलावणं, मग हमालांची वाट, मग वाराईवरून (माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून) वाद, मग बिल्टीची (मालाच्या पावतीची) वाट. संध्याकाळी माल भरून होतो तेव्हा शहरात जड वाहनांना बंदीची वेळ सुरू झालेली असते. रात्री नऊ-दहाला गाडी हायवेला लागते. म्हणजे ज्याला आपण ‘रात्रीचा ताजातवाना चालक’ समजतो तो पंधरा तास जागा असतो, आणि त्याचं खरं काम आता सुरू होतं. भत्ता बहुतेक ठिकाणी फेरीवर मिळतो, त्यामुळे हे पंधरा तास कुणाच्या हिशोबात नसतात.

१९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत होती, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायची होती. हे आकडे पाठ करून ठेवा. चालकाला कायदा शिकवायला नव्हे, तर तुमच्या वहीतल्या नोंदी कशाच्या शेजारी ठेवायच्या हे कळावं म्हणून.

हो, वही. प्रत्येक फोटोसोबत तीन गोष्टी लिहा: किती वाजले, चालक शेवटचा कधी झोपला, आणि शेवटचं जेवण कधी झालं. कॅमेऱ्यातली वेळ बरोबर लावून घ्या. नंतर फोटोखाली ओळ लिहिताना ‘थकलेला चालक’ असं विशेषण लागणार नाही. ‘पहाटे ३.४०, २१ तास जागा’ एवढं पुरतं. बघणाऱ्याला तुमची कणव नको असते, माहिती हवी असते.

झोपेबद्दल जरा थांबतो, कारण तिथे जीव जातात. पहाटे साधारण दोन ते पाच हा शरीराच्या घड्याळातला सगळ्यात सुस्त काळ. या वेळी डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद बंद पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगात ४ सेकंद म्हणजे सुमारे ६७ मीटर, आणि तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. हे दाखवायला जांभई देणारा चेहरा नको. एकच चौकट ठरवा, उदाहरणार्थ धाब्यावर गाडीतून उतरणारा चालक, आणि वेगवेगळ्या माणसांचा तोच क्षण रात्री दहाला, एकला आणि चारला टिपा. पायरीवर पाऊल कसं पडतं, हात कुठे धरतो, उतरल्यावर कंबर सरळ व्हायला किती वेळ लागतो. कंबरदुखी आणि झोप दोन्ही त्या उतरण्यात दिसतात. असे फोटो भिंतीवर एका ओळीत लावले की वेगळं काही सांगावं लागत नाही.

अपघाताचे फोटो काढू नका, असं मी सरसकट म्हणणार नाही. पण ते मालिकेच्या मध्यभागी ठेवू नका. जुलै २०२३ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला आणि किमान १० माणसं गेली. त्या दिवशीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण घाट उतरून आलेल्या गाड्यांचे तापलेले ब्रेक, ते थंड करायला जागा आहे का, चालकाला थांबायची सवड आहे का, याचे फोटो मी तरी कुठे पाहिले नाहीत. ते तुम्ही काढू शकता.

आता विश्वास. टोलनाक्यावर आणि तपासणी नाक्यावर सुरुवात करू नका. तिथे कॅमेरा बघितला की चालकाला वाटतं आरटीओ, पोलीस नाहीतर बातमीवाला. जिथे तो मोकळा असतो तिथे जा: दुपारी दोन ते पाचमध्ये धाब्याच्या बाजेवर, पंक्चरवाल्याकडे, ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसबाहेर. स्वतःहून ओळख करून घेण्यापेक्षा पंक्चरवाल्याने किंवा धाबेवाल्याने करून दिलेली ओळख कितीतरी जास्त टिकते, कारण अडल्या रात्री त्याला उधारीवर टायर हेच लोक देतात. बोलणं बहुतेक हिंदीतच होईल. ‘उस्ताद’ म्हणा, सरदारजी असतील तर ‘पाजी’, बीड-पाथर्डीकडचा असेल तर ‘मामा’ किंवा ‘दादा’ चालतं. ‘ए ड्रायव्हर’ ही हाक तो दिवसभर ऐकतो, तुमच्याकडून नको.

कॅमेऱ्याबद्दलचा संशय अलीकडे वाढलाय आणि त्याला कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून गेलेल्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर चालकांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. पुढे ती तरतूद लागू करणं थांबवलं गेलं. पण त्या दिवसांत चालक जे बोलत होते ते ऐकण्यासारखं होतं: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर तुरुंग. मारहाणीची भीती हाही आरोग्याचाच धोका आहे, आणि तुमच्या मालिकेत त्याला जागा हवी. ती तो चालक सांगेल, तुम्ही आवाज रेकॉर्ड करा.

परवानगी दोनदा घ्या. एकदा फोटो काढताना, आणि दुसऱ्यांदा निवडलेला फोटो त्याला दाखवून, तो कुठे छापला जाणार हे सांगून. पहिल्यांदा ‘हां, खींच लो’ म्हणणारा माणूस स्वतःचा झोपलेला चेहरा बघून दुसऱ्यांदा नको म्हणू शकतो, आणि तो नकार शेवटचा समजायचा. गाडीचा नंबर, दरवाज्यावरचं कंपनीचं नाव, बिल्टी, ई-वे बिल असे मालाचे कागद, यातलं काहीही ओळखू येईल असं बाहेर जाऊ देऊ नका. फोटोच्या फाइलमधली ठिकाणाची नोंद पुसा. पेंगुळलेल्या, नशेतल्या किंवा औषध घेणाऱ्या चालकाचा ओळखू येणारा चेहरा एकदा इंटरनेटवर गेला की त्याची नोकरी जाते. पुढे कधी अपघात झाला तर विम्याच्या आणि कोर्टाच्या कागदांत तो फोटो त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. केबिनमधला क्लीनर अठरा वर्षांखालचा वाटला तर त्याचा चेहरा अजिबात नको, मग तो कितीही हसून पोझ देत असला तरी.

पैसे देऊन फोटो काढू नका. जेवणाचं बिल वाटून घ्या आणि फोटो छापून परत द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, छापलेला फोटो तो घरी नेतो.

सोबत प्रवास करावा का? याचं उत्तर खरोखर परिस्थितीवर आहे. फोटोसाठी तो फार मोलाचा असतो, पण डोळे उघडे ठेवून करा. मालवाहू गाडीत असाच बसलेल्या प्रवाशाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे काही झालं तर भुर्दंड गाडीमालकावर आणि त्रास चालकाला. त्यामुळे आरसी बुकावर किती जणांची बैठक आहे ते बघा, मालकाची लेखी परवानगी घ्या आणि स्वतःचा अपघात विमा काढा. ‘चालकाचे फोटो तुम्हाला दाखवणार नाही’ असं मालकाला त्याच वेळी स्पष्ट सांगा. हे ऐकून जो मालक परवानगी नाकारतो, त्याच्या गाडीत न बसणंच चालकासाठी बरं. शक्यतो दोन चालक असलेली गाडी निवडा. पेट्रोल-डिझेल-गॅसच्या टँकरवर बसू नका. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोसारख्या ठिकाणी किंवा न्हावा-शेवा बंदराच्या आत कॅमेरा काढायचा विचारही करू नका.

तुमच्या असण्याने चालक बदलतो हेही लक्षात ठेवा. पाहुणा बसलाय म्हणून तो झोप आली तरी गाडी रेटतो. ‘उस्ताद, मला भूक लागली, थांबू या’ असं अधूनमधून तुम्हीच म्हणा. त्याने फोटो एक-दोन कमी मिळतील, मिळू देत. रात्री केबिनमध्ये फ्लॅश कधीही नाही, मागचा स्क्रीनही बंद, घाटात कॅमेरा मांडीवर. चालत्या गाडीत त्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचं नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: दिवस टिपा, थांबणं टिपा, वेळ लिहा, ओळख लपवा. आता शरीराकडे वळतो.

डोळे हा विषय घ्याच. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. चालक मोबाइल हात लांब करून वाचतो, चष्मा असला तर खिशात असतो, कारण चष्मा दिसला की मालक म्हातारा समजेल असं त्याला वाटतं. व्यावसायिक परवान्यासाठी नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं. मधल्या काळात नजर किती उतरली हे कुणी विचारत नाही. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात नेत्रतपासणी शिबिरं होतात. तिथले फोटो सगळे सारखेच येतात, बॅनर, पाहुणे, रांग. तुम्ही शिबिर संपल्यावर थांबा. चिठ्ठी हातात घेऊन उभा असलेला चालक आता चष्मा कुठे आणि कधी करणार? त्याची गाडी तर संध्याकाळी सुटणार आहे.

पाणी आणि लघवी यावर बोलायला लोक लाजतात, पण मूतखड्याचा त्रास मी चालकांकडून वारंवार ऐकलाय. थांबायला जागा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, आणि मे महिन्यात खानदेशात पाणी कमी प्यायचं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी भरलेला पाण्याचा कॅन आणि संध्याकाळी तोच कॅन, शेजारी डॅशबोर्डवरची वेळ. फोटो झाला. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या त्याआधीच्या आहेत. एकाच धाब्यावर एकाच दुपारी जुनी आणि नवी केबिन शेजारी मिळाली तर ती जोडी सोडू नका.

धुराचं विसरू नका. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. इंजिन चालू ठेवून पुढे-पुढे सरकणाऱ्या रांगेत गाडीच्या शेजारी उभं राहून गप्पा मारणारा माणूस तो धूर सरळ छातीत घेतो.

जेवणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात-सांबार करणारा तमिळ चालक दिसला की फोटोग्राफर त्याला गरिबीचं चित्र करून टाकतात. वास्तविक तो धाब्यावरच्या तेलकट डाळीपेक्षा चांगलं जेवतो आणि वेळेवर जेवतो. ही त्याने स्वतःच्या तब्येतीसाठी केलेली व्यवस्था आहे. ती तशीच, नीट उजेडात, आदराने दाखवा. आजकाल अनेक चालक स्वतःच्या स्वयंपाकाचे आणि प्रवासाचे व्हिडिओ टाकतात. काम सुरू करण्याआधी ते भरपूर बघा. त्यांना स्वतःचं काय दाखवावंसं वाटतं हे त्यातून कळेल, आणि तुमच्या मनातली यादी बदलेल.

व्यसनाकडे येताना प्रश्न उलटा विचारा: हे कशासाठी घेतलं जातं? तंबाखू, मावा, गुटखा, चहावर चहा, आणि काही मार्गांवर डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा) किंवा गोळ्या. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, जागं राहायला. गाडी पोचल्यावरची दारू बरेचदा उलट कामासाठी असते, झोप यायला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी डॅशबोर्डच्या खाचेत रिकाम्या पुड्या दिसतातच. त्या पुड्या आणि शेजारचं घड्याळ एवढंच घ्या, माणूस नको. अमली पदार्थ असेल तर तुमचा फोटो हा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो. चेहरा, हातावरचं गोंदण, अंगठी, गाडीतला देवाचा फोटो यांतल्या कशानेही माणूस ओळखू येऊ शकतो. मी असे फोटो काढण्यापेक्षा त्या माणसाचं बोलणं लिहून घेणं पसंत करतो.

एचआयव्ही. हा विषय तुम्ही विचारलात म्हणून सविस्तर लिहितो, पण मालिकेची सुरुवात त्याने करू नका, अशी विनंती आहे. नव्वदच्या दशकापासून चालक आणि एड्स ही जोडी लोकांच्या मनात इतकी घट्ट बसवली गेली की अनेक चालकांना सोयरीक जुळवताना त्याचा त्रास झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात चालकांसाठी खास प्रकल्प झाले, हायवेवर दवाखाने निघाले, निरोधचं वाटप झालं, आणि ते काम गरजेचंच होतं. पण त्या काळातले फोटो बघा: अंधार, ट्रकची सावली, पाठमोरी बाई. त्यांनी आजारापेक्षा लाज जास्त पसरवली.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संबंधित माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. दवाखान्याच्या पाटीखाली उभा असलेला ओळखू येणारा चालक, एवढ्यानेही ती उघड होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांचे लांबून, झूम करून फोटो काढणं तर सरळ चोरी आहे. त्यांच्यापर्यंत जायचं असेल तर त्यांच्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थेमार्फत जा, आणि त्या नको म्हणाल्या तर परत या.

यातली खरी, आजची गोष्ट औषधांची आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या नियमित घेतल्या आणि विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली राहिलं, की शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही. म्हणजे असा चालक ठणठणीत जगू शकतो. अडचण वेळापत्रकाचीच आहे: गोळी रोज ठरल्या वेळी, आणि पुढच्या गोळ्या घ्यायची तारीख आली तेव्हा गाडी गुवाहाटीच्या वाटेवर. मधुमेहवाल्याचंही तेच, रक्तदाबवाल्याचंही तेच. केबिनमधली गोळ्यांची डबी, तिच्यातले भरलेले आणि रिकामे कप्पे. कुठली गोळी आहे हे न सांगता हा फोटो तिघांचीही गोष्ट सांगतो, आणि कुणालाच उघडं पाडत नाही.

एक जागा तुमच्या प्रश्नांत नाही, ती मी घालतो: घर. चालक महिन्यातून दोन-चार दिवस घरी येतो आणि त्यातला बराच वेळ झोपतो. मुलं दबक्या पावलांनी वावरतात. दवाखान्याची कामं त्याच दोन दिवसांत कोंबलेली असतात, आणि रविवार आला तर तीही राहतात. त्याचं दुखणं त्याच्यापेक्षा बायकोला जास्त नेमकं माहीत असतं: कधीपासून खोकतो, झोपेत श्वास अडकतो का, घोरणं किती वाढलंय. झोपेत श्वास अडकणारा माणूस आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, आणि हे त्याला एकट्याला केबिनमध्ये कधीच कळत नाही. घरात शिरायला वेळ लागेल, आणि घरच्या बाईंची परवानगी वेगळी घ्यायची, नवऱ्याने दिलेली पुरत नाही. सोबत एखादी महिला सहकारी असेल तर हे बोलणं फार सोपं होतं.

शेवटी लेन्स. १८-५५ पुरेशी आहे. केबिनमध्ये १८ वरच राहाल, पण चेहरा कडेला नेऊ नका, ताणला जातो. धाब्यावर ३५ च्या आसपास काढा, म्हणजे माणसासोबत त्याची जागाही येते. रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणे दिसले तर दिसू देत, गाडीच्या थरथरीत हललेला फोटो मात्र कामाचा राहत नाही. म्हणून शटर शक्यतो १/१२५ च्या खाली नेऊ नका आणि कोपर पोटाशी धरा, दरवाज्याला टेकवलात तर इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर क्षणभर पडतो, त्या क्षणाचं एक्स्पोजर आधी बांधून ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर उजळ अशी एक ३५ एमएम प्राइम (झूम नसलेली) लेन्स पुढे कधीतरी घ्या. आत्ता दोन जादा बॅटऱ्या, धूळ अडवणारी पिशवी, आवाज टिपणारा छोटा रेकॉर्डर आणि प्रिंट काढायला वेगळे ठेवलेले पैसे, एवढी तयारी असली की सोनगीरच्या पुढच्या एखाद्या धाब्यावर दुपारी जाऊन बसा.